हवेत विमाने धडकल्याची बातमी आली तर: सोलापूरकरांसाठी एक मार्गदर्शिका

अमेरिकेत वॉशिंग्टनच्या रेगन नॅशनल विमानतळाजवळ २९ जानेवारी २०२५ रोजी रात्री पावणेनऊच्या सुमारास, उतरण्याच्या बेतात असलेले एक प्रवासी विमान आणि लष्कराचे ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर पोटोमॅक नदीवर एकमेकांवर आदळले. विमानातील ६४ आणि हेलिकॉप्टरमधील तिघे असे ६७ जण मृत्युमुखी पडले. त्या क्षणी सोलापुरात ३० जानेवारीची सकाळ होती आणि सव्वासात वाजून गेले होते. मुलगा किंवा मुलगी तिकडे नोकरीला असलेल्या घरांची संख्या आपल्या शहरात आता कमी नाही. अशी बातमी सकाळी सकाळी टीव्हीवर झळकली की ती परदेशाची बातमी राहत नाही, घरातली होते. शिवाय जून २०२५ पासून होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून मुंबईला विमाने जाऊ लागली आहेत. त्यामुळे ‘विमानतळाजवळ टक्कर’ हे शब्द ऐकल्यावर गच्चीवरून दिसणारे विमानही डोळ्यांसमोर येते.

अशा वेळी सामान्य माणसाने काय करावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. बातमी ऐकताच मनात चार प्रश्न एकदम उभे राहतात. आपले माणूस त्यात होते का, नेमके काय घडले, चूक कोणाची आणि आता विमानाने जावे की नाही, असे ते प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे वेगवेगळ्या वेळी मिळतात. पहिल्याचे काही तासांत मिळते, दुसऱ्याचे काही आठवड्यांत आणि तिसऱ्याचे बहुधा वर्षभरानंतर. आपण मात्र चारही उत्तरे दुपारच्या जेवणाआधी मागतो, आणि ती द्यायला कोणी ना कोणी तयार असतेच.

पहिले काही तास: आपल्या माणसाची चौकशी

नातेवाईक त्या देशात आहे म्हणजे तो त्या विमानात होता असे नव्हे. हे सांगायला सोपे असले तरी आईवडिलांना पटवायला अवघड असते, हे मान्य. म्हणून आधी थेट त्या व्यक्तीला एक छोटा संदेश पाठवावा आणि उत्तराची वाट पाहावी. घरातील प्रत्येकाने दर पाच मिनिटांनी फोन लावू नये. तिकडे रात्र असेल तर माणूस झोपलेला असतो आणि फोन न उचलण्याचे सर्वांत साधे कारण तेच असते. त्याच वेळी घरातील एकाने विमान कंपनीचे नाव, उड्डाण क्रमांक आणि कुठून कुठे जाणारे विमान होते एवढ्या तीन गोष्टी एखाद्या विश्वासार्ह वृत्तसंस्थेच्या बातमीवरून कागदावर उतरवून घ्याव्यात. वॉशिंग्टनचे विमान कॅन्सस राज्यातील विचिटा शहराहून आले होते. एवढी एकच गोष्ट लक्षात घेतली असती, तरी डॅलस किंवा न्यू जर्सीतल्या मुलासाठी देव पाण्यात घालून बसलेल्या कित्येक घरांचा जीव भांड्यात पडला असता.

आपले माणूस त्या मार्गावर प्रवास करणार होते याची खात्री असेल, तर विमान कंपनी नातेवाइकांसाठी जाहीर करते तोच मदत क्रमांक वापरावा. तो कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा, कोणी पुढे ढकललेल्या चित्रावरून नव्हे. तिकिटाचा पीएनआर क्रमांक, पासपोर्टवर जसे छापले आहे तसे नाव आणि जन्मतारीख हाताशी असू द्यावी. अपघात परदेशातील असेल तर तेथील भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास हा दुसरा मार्ग आहे. अपघात आपल्या जिल्ह्यातील असेल तर जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा १०७७ हा क्रमांक आहे. ११२ हा क्रमांक तातडीच्या मदतीसाठी आहे. तो चौकशीसाठी अडवून ठेवू नये. प्रवाशांची यादी म्हणून जे काही फिरते त्यावर विसंबू नये आणि ते पुढे पाठवू तर अजिबात नये. एखाद्या घराला मृत्यूची बातमी समाजमाध्यमावरील फोटोतून कळणे यासारखे क्रौर्य नाही, आणि ते करणारे बहुतेक वेळा चांगल्या हेतूनेच करत असतात.

हाती आलेला फॉरवर्ड

एक नमुना पाहू. मजकूर साधारण असा असतो: ‘ब्रेकिंग! लँडिंगच्या वेळी दोन विमानं हवेत धडकली. टॉवरमधला माणूस झोपला होता. विमानातल्या प्रवाशाने काढलेला शेवटचा व्हिडिओ. जास्तीत जास्त शेअर करा.’ या चार वाक्यांत तारीख नाही, ठिकाण नाही, बातमी देणाऱ्याचे नाव नाही. टॉवरमधला माणूस, म्हणजे विमानांना सूचना देणारा नियंत्रक, झोपला होता, हे तासाभरात कोणाला कळले आणि कसे, हा प्रश्न विचारला की दुसरे वाक्य गळून पडते. शेवटच्या व्हिडिओविषयी एवढेच विचारावे की विमान नदीत कोसळून फुटले असेल तर तो मोबाइल कोणी, कधी उघडला.

व्हिडिओ ओळखण्याची एक युक्ती सांगतो. वॉशिंग्टनच्या टक्करीचे जे खरे चित्रीकरण प्रथम जगासमोर आले, ते नदीकाठच्या एका स्थिर कॅमेऱ्याचे होते. त्यात अंधार आहे, दुरून सरकणारे दोन दिवे आहेत आणि मग एक लखलखाट आहे, बस्स. खरी दृश्ये बहुतेक अशीच असतात: लांबची, हललेली, अर्धवट. कॅमेरा जर टक्करीच्या आधीपासूनच विमानाच्या शेजारून, स्वच्छ उजेडात, दोन्ही विमाने मधोमध धरून चालला असेल, तर ते संगणकावरील उड्डाणाच्या खेळातून घेतलेले किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले दृश्य आहे असे समजावे. कोणीही ती टक्कर होणार हे आधी ठाऊक असल्यासारखा कॅमेरा लावून बसलेला नसतो. शंका राहिली तर दृश्यातील ऋतू पाहावा, पाट्यांवरील लिपी पाहावी आणि एखादी चौकट थांबवून तिचा फोटो इंटरनेटवर उलट शोधून पाहावा. जुन्या अपघाताचे चित्रीकरण नव्या नावाने फिरत असेल तर ते बहुधा तिथेच सापडते.

आपल्या शहराची एक खासियत येथे लक्षात ठेवावी लागते. पूर्व भागातील ग्रुपवर मेसेज तेलुगूत येतो, अक्कलकोटकडच्या पाहुण्यांकडून कन्नडमध्ये येतो आणि ऑफिसच्या ग्रुपवर मराठीत किंवा हिंदीत येतो. तीन भाषांत, तीन बाजूंनी, तीन ओळखीच्या माणसांकडून आलेली गोष्ट खरी वाटू लागते. प्रत्यक्षात ती एकाच मजकुराची भाषांतरे असतात. आकडे आणि चुका जशाच्या तशा जुळत असतील, तर साक्षीदार तीन नाहीत, एकच आहे.

ज्येष्ठांना चुकीचा मेसेज दाखवून देताना सर्वांसमोर ‘फेक आहे’ असे लिहू नये. माणूस दुखावतो आणि हट्टाला पेटतो. स्वतंत्रपणे, ‘काका, तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी तपासला, तो दुसऱ्याच अपघाताचा निघाला. तुमच्यावर विश्वास ठेवून लोक पुढे पाठवतील, म्हणून तेवढा काढून टाकता का?’ असे लिहिले तर बहुतेक वेळा काम होते. सोसायटीच्या किंवा शाळेच्या ग्रुपचे ॲडमिन असाल तर पहिल्या तासातच पुढीलसारखा मजकूर टाकावा:

‘नमस्कार. अमुक विमानतळाजवळ विमानांची टक्कर झाल्याची बातमी अमुक वृत्तसंस्थेने सकाळी इतक्या वाजता दिली आहे. मृतांचा अधिकृत आकडा अद्याप जाहीर झालेला नाही. आपल्यापैकी कोणाचे नातेवाईक त्या भागात असतील तर त्यांनी मला थेट फोन करावा. अपघाताचे व्हिडिओ आणि कारणांविषयीचे मेसेज आज येथे टाकू नयेत. पुढची खात्रीची माहिती संध्याकाळी देईन.’

आणि संध्याकाळी खरोखर द्यावी. ग्रुप कुलूपबंद करून गप्प बसणारा ॲडमिन अफवेला दुसरीकडे घर शोधून देतो. घबराट किंवा तेढ निर्माण करणारी खोटी माहिती पसरवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हा ठरू शकतो, हेही ग्रुपच्या कानावर एकदा घालून ठेवायला हरकत नाही. मात्र माझ्या मते कलमाच्या धाकापेक्षा काकांना केलेला फोन अधिक उपयोगी पडतो.

आकडे आणि कारणे कशी वाचावीत

पहिल्या दिवशीचा आकडा हा अंदाज असतो आणि तो बदलला म्हणजे काही दडवले जात आहे असे होत नाही. वॉशिंग्टनच्या बाबतीत तर उंचीसारखी मोजता येणारी गोष्टही बदलत गेली. अपघातानंतर तीन दिवसांनी तपास यंत्रणेने सांगितले की विमानाच्या रेकॉर्डरनुसार (ब्लॅक बॉक्समधील नोंदींनुसार) टक्कर सुमारे ३२५ फुटांवर झाली, तर टॉवरच्या पडद्यावर हेलिकॉप्टर २०० फुटांवर दिसत होते. दोन्ही खरे असतील तर टक्कर होणेच शक्य नव्हते. त्या दोन आकड्यांवरून जगभर तर्क लढवले गेले. पुढे हेलिकॉप्टरच्या रेकॉर्डरमधून त्याची उंची सुमारे २७८ फूट निघाली आणि त्याच्या चालकांसमोरील उंचीमापक त्यांना वेगळा आकडा दाखवत असावेत का, हा तपासाचा विषय झाला. नदीवरील त्या मार्गावर हेलिकॉप्टरांना २०० फुटांची कमाल मर्यादा होती. यंत्रणेने आपला आधीचा आकडा अपुरा असल्याचे त्याच वेळी सांगितले होते. बातम्यांच्या मथळ्यांत ती सावधगिरी उतरली नाही.

यावरून वाचनाची एक पद्धत बसवता येते. बातमीत आकडा दिसला की तो कोणी दिला आणि कशावरून दिला हे शोधावे. ‘सूत्रांनुसार’ आणि ‘तज्ज्ञांच्या मते’ ही दोन विधाने बाजूला ठेवावीत. वाहिनीवर बसलेला निवृत्त वैमानिक अनुभवी असतो यात शंका नाही, पण त्याच्यापुढेही तोच धूसर व्हिडिओ असतो जो आपल्यापुढे आहे. विमानांचे मार्ग दाखवणारी ॲप्स पाहतानाही जपून राहावे. ज्या विमानातून विशिष्ट संदेश प्रसारित होत नाही ते त्या ॲपवर नीट दिसत नाही. वॉशिंग्टनचे हेलिकॉप्टर त्या प्रकारे आपले स्थान प्रसारित करत नव्हते. म्हणून ‘ॲपवर तर दुसरे विमान नव्हतेच’ हा पुरावा होऊ शकत नाही.

विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा असते, मग ती चालली का नाही, हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि तो रास्तही आहे. टीकॅस नावाची ही यंत्रणा जवळच्या विमानाचा वेध घेऊन आधी सावध करते आणि मग एकाला वर, दुसऱ्याला खाली जाण्याचा आदेश देते. परंतु जमिनीपासून सुमारे हजार फुटांखाली ती वर-खाली जाण्याचा आदेश देतच नाही, कारण उतरणाऱ्या विमानाला ‘खाली जा’ म्हणणे हाच धोका असतो. वॉशिंग्टनच्या विमानात टक्करीपूर्वी सुमारे वीस सेकंद ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असा इशारा वाजला होता; त्यापुढे यंत्रणा काही सांगू शकत नव्हती.

उतरण्याचा मार्ग म्हणजे काय, हे मात्र सोलापूरकरांना फार समजावून सांगावे लागणार नाही. विमानांना अडथळा ठरते की नाही असा वाद असलेली श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली जाईपर्यंत या गावात चहाच्या टपरीपासून न्यायालयापर्यंत दुसरा विषय नव्हता. (अजूनही विमानतळ म्हटले की आपल्याकडे निम्मे लोक चिमणीवरच बोलतात.) त्या वादात कोणाची बाजू बरोबर होती हे येथे सोडून देऊ. धावपट्टीच्या टोकापलीकडे हवेतही एक उतरता रस्ता असतो आणि त्या रस्त्यात काहीही असता कामा नये, ही गोष्ट मात्र त्यातून सर्वांना कळली. वॉशिंग्टनमध्ये अशाच एका उतरत्या रस्त्याखालून हेलिकॉप्टरांचा मार्ग आखलेला होता आणि त्या दोहोंमधले अंतर अगदीच तुटपुंजे होते. घरातील मुलांना हा अपघात समजावून सांगायचा असेल तर तो असा सांगावा.

अधिकृत तपासाचा क्रम ठाऊक असला की अधीरता कमी होते. आंतरराष्ट्रीय रिवाजानुसार साधारण तीस दिवसांत प्राथमिक अहवाल येतो. त्यात घटनाक्रम असतो, दोष नसतो. अंतिम अहवालाला एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. आपल्या देशात हे काम विमान अपघात अन्वेषण ब्युरो करतो. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद अपघाताचा प्राथमिक अहवाल जुलैच्या १२ तारखेला आला होता. त्यातील दोन वाक्यांच्या संभाषणावरून देशभर लोकांनी मृत वैमानिकांवर खटला चालवला, ही गोष्ट फार जुनी नाही.

दोष देण्याची घाई

या भागावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण लोकांच्या प्रतिक्रियेतून होणारे खरे नुकसान येथेच होते.

वॉशिंग्टनच्या अपघातानंतर दुसऱ्याच दिवशी खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सरकारी भरतीतील विविधतेच्या धोरणाकडे बोट दाखवले, आणि हा निष्कर्ष कशावरून काढला असे विचारल्यावर आपल्याला व्यवहारज्ञान आहे असे उत्तर दिले. त्याच सुमारास हेलिकॉप्टर चालवणारी व्यक्ती म्हणून एका पारलिंगी वैमानिकेचे नाव समाजमाध्यमांवर पसरले. ती त्या हेलिकॉप्टरमध्ये नव्हतीच. आपण जिवंत आहोत हे सांगण्यासाठी तिला व्हिडिओ काढून प्रसिद्ध करावा लागला. ज्यांनी ते नाव पुढे पाठवले त्यांतील बहुतेकांना आपण एका जिवंत बाईला मृत आणि गुन्हेगार अशी दोन्ही विशेषणे लावत आहोत याची कल्पनाही नसणार.

युरोपातील दोन घटना याहून बोलक्या आहेत. झाग्रेबजवळ १० सप्टेंबर १९७६ रोजी दोन प्रवासी विमाने धडकून १७६ जण मेले. संताप शमवायला एक माणूस हवा होता आणि तो नियंत्रण कक्षात सापडला. एकट्या नियंत्रकाला सात वर्षांची शिक्षा झाली. त्याच्यावर किती विमानांचा भार होता आणि कामाची व्यवस्था कशी होती, हे त्याच्या सहकाऱ्यांनी सतत मांडल्यानंतर तो दोन वर्षांतच सुटला.

दुसरी घटना जर्मनीतील युबरलिंगेनची. १ जुलै २००२ च्या रात्री एक मालवाहू बोईंग आणि बहुतेक शाळकरी मुले असलेले रशियन टुपोलेव्ह विमान धडकले आणि ७१ जण गेले. त्या रात्री झुरिचच्या नियंत्रण कक्षात एकच नियंत्रक दोन पडदे सांभाळत होता, त्याचा सहकारी विश्रांतीला गेला होता, मुख्य रडार यंत्रणेचे आणि दूरध्वनीचे दुरुस्तीकाम सुरू होते. त्याने रशियन विमानाला खाली उतरायला सांगितले. त्याच क्षणी त्या विमानातील टीकॅस वर जा म्हणत होते आणि बोईंगमधील टीकॅस खाली जा म्हणत होते. रशियन वैमानिकांनी यंत्राऐवजी माणसाचे ऐकले आणि दोन्ही विमाने एकत्र खाली आली. पत्नी आणि दोन्ही मुले गमावलेल्या एका पित्याने २४ फेब्रुवारी २००४ रोजी त्या नियंत्रकाच्या घरी जाऊन त्याचा खून केला. तपासाचा अंतिम अहवाल त्यानंतर तीन महिन्यांनी, मे २००४ मध्ये आला. त्यात व्यवस्थेतील दोष एकेक करून मांडलेले होते. २००७ मध्ये न्यायालयाने नियंत्रण कंपनीच्या चार जणांना दोषी ठरवले.

आपल्या देशातील मोठी घटना हरियाणातील चरखी दादरीची आहे. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे बोईंग ७४७ आणि दिल्लीकडे येणारे कझाकस्तानचे इल्युशिन विमान धडकले आणि दोन्हींतील सर्व ३४९ जण मरण पावले. हवेतील टक्करीत याहून अधिक माणसे कधीच गेलेली नाहीत. सौदी विमानाला १४ हजार फुटांवर आणि कझाक विमानाला १५ हजार फुटांवर राहायला सांगितलेले होते आणि समोरून विमान येत असल्याची सूचनाही नियंत्रकाने दिली होती. कझाक विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आले. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या आयोगाने हे कारण नोंदवले. मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांसाठी एकच मार्ग का होता आणि दिल्लीच्या रडारवर विमानांची उंची का दिसत नव्हती, हे प्रश्नही त्या चौकशीतून पुढे आले. त्यानंतर मार्ग वेगळे झाले आणि भारतात येणाऱ्या विमानांना टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. सगळे ‘परक्या वैमानिकांना इंग्रजी येत नव्हते’ एवढ्यावर मिटवले असते, तर यांतले काही झाले असते असे मला वाटत नाही.

म्हणून एक नियम पाळता येतो. अंतिम अहवाल येईपर्यंत व्यक्तीविषयी बोलू नये, व्यवस्थेविषयी हवे तेवढे बोलावे. ‘नियंत्रक कोण होता, कोणत्या जातीचा, धर्माचा, कोणाच्या वशिल्याने लागला’ या प्रश्नांऐवजी ‘त्या वेळी कामावर किती जण असायला हवे होते आणि किती होते’ असे विचारावे. राग दोन्हींत आहे. दुसऱ्या प्रश्नाला कागदावर उत्तर देता येते.

टक्कर आपल्याच परिसरात झाली तर

हवेत फुटलेल्या विमानाचे तुकडे एका जागी पडत नाहीत. चरखी दादरीची दोन विमाने काही किलोमीटर अंतरावर वेगवेगळ्या शिवारांत कोसळली, आणि अमेरिकेतील सेरिटोस येथे ३१ ऑगस्ट १९८६ च्या टक्करीत जमिनीवरील १५ माणसेही मेली. तेव्हा मुख्य जागेकडे धावत सुटण्यापेक्षा आपल्या आजूबाजूला काही पडले आहे का, कोणी जखमी आहे का, हे पाहणे अधिक मोलाचे असते. होटगी रोड आणि आसरा चौकाची एरवीचीच गर्दी आपल्याला माहीत आहे. तेथे बघ्यांच्या दुचाक्या लागल्या तर शासकीय रुग्णालयाकडे निघालेली रुग्णवाहिका अडकेल. गाडी बाहेर काढू नये, काढली असेल तर कडेला लावून चावी तिलाच ठेवावी.

शेतात किंवा गच्चीवर पडलेल्या तुकड्याला हात लावू नये. जळालेल्या विमानाच्या धुरात आणि राखेत घातक तंतू असतात. तोंडावर ओले फडके धरून वाऱ्याच्या उलट दिशेने बाजूला व्हावे. तुकड्याचा एक फोटो काढून ठिकाणासह पोलिसांना द्यावा आणि तो स्टेटसवर ठेवू नये. आठवण म्हणून घरी नेलेला पत्र्याचा तुकडा तपासातला पुरावा असू शकतो. मृतदेहाचे चित्रीकरण कोणी करत असेल तर त्याला थांबवावे, वाईटपणा आला तरी चालेल. रक्तदानासाठी सगळ्यांनी एकाच दुपारी रांग लावण्यापेक्षा रक्तपेढीत नाव आणि गट नोंदवून बोलावतील तेव्हा जाणे चांगले, कारण भाजलेल्या रुग्णांना पुढेही अनेक दिवस गरज असते.

अशा प्रसंगी मदतनिधीच्या नावाने क्यूआर कोडही फिरू लागतात. जिल्हा प्रशासनाने किंवा ओळखीच्या संस्थेने स्वतः जाहीर केलेल्या खात्याशिवाय पैसे पाठवू नयेत. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

ज्या घरावर हे ओढवले आहे तेथे

समाचाराला जाताना ‘कसं झालं हो’ आणि ‘बॉडी मिळाली का’ हे दोन प्रश्न घरीच ठेवून जावे. ओळख पटवण्यासाठी अनेकदा डीएनए चाचणी करावी लागते आणि तिला दिवस लागतात. आईवडील, मुले किंवा भावंडे यांचे नमुने त्यासाठी घेतले जातात. त्यामुळे रक्ताच्या नात्यातील किमान एकाने लवकर पोचणे आवश्यक असते. शेजाऱ्यांनी करण्यासारखे बरेच आहे: सगळे फोन घेण्यासाठी घरातील एखादा शांत भाचा किंवा पुतण्या नेमून देणे, पत्रकारांना दारातच थांबवणे, डबा पोचवणे, आधार, पासपोर्टची प्रत, तिकीट आणि वारस दाखल्यासाठीची कागदपत्रे एका फाइलमध्ये गोळा करणे.

नुकसानभरपाई मिळवून देतो म्हणणारे लोक दहाव्याच्या आधीच उंबऱ्यावर येतात. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू असलेल्या मॉन्ट्रियल करारानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१,८८० एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) पर्यंतच्या, म्हणजे पावणेदोन-दोन कोटी रुपयांच्या घरातील सिद्ध झालेल्या नुकसानीची जबाबदारी विमान कंपनीला चूक आपली नव्हती असे सांगून टाळता येत नाही. एवढे माहीत असले की टक्केवारीवर सही घ्यायला आलेल्या मध्यस्थाला परत पाठवता येते. कोणत्याही कागदावर पहिल्या महिन्यात, वकिलाला दाखवल्याशिवाय, सही करू नये.

पुढे विमानाने जावे का

जावे. २००९ ते जानेवारी २०२५ या काळात अमेरिकेच्या विमान कंपन्यांचा एकही मोठा जीवघेणा अपघात झालेला नव्हता, आणि तेथे रोज हजारो विमाने उडतात. घरातील ज्येष्ठ घाबरले असतील तर त्यांच्याशी आकडेवारीवर वाद घालू नये. ‘आई, तुला रेल्वेने जायचंय का? तसं करू’ असे म्हणून त्यांना निवडू द्यावे. सोलापूर-मुंबई रात्रीच्या गाडीची सोय आपल्याकडे आहेच. दोन महिन्यांनी त्या स्वतःच तिकिटाचे दर विचारू लागतात.

उरलेल्या रागाला मात्र चांगले काम देता येते. वॉशिंग्टनच्या प्राथमिक अहवालात सर्वांत हादरवणारी गोष्ट टक्करीविषयी नव्हती, तिच्या आधीच्या काळाविषयी होती. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळाजवळ विमाने आणि हेलिकॉप्टरे धोकादायकरीत्या जवळ आल्याच्या १५,२१४ नोंदी होत्या आणि त्यांतील ८५ प्रसंगांत आडवे अंतर दीड हजार फुटांपेक्षा आणि उंचीचा फरक दोनशे फुटांपेक्षाही कमी होता. नोंदी होत्या, त्या एकत्र करून कोणी पाहिल्या नव्हत्या. आपल्या विमानतळाविषयीही असे प्रश्न माहितीच्या अधिकारात अपघाताची वाट न पाहता विचारता येतात: परिसरात ड्रोन, पतंग किंवा पक्षी आडवे आल्याच्या किती नोंदी आहेत आणि त्यांवर काय केले गेले. अर्ज भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे करावा लागतो, प्रश्न नेमका आणि कालावधीसह लिहावा लागतो. लग्नाच्या चित्रीकरणासाठी ड्रोन मागवणाऱ्यांनी तो उडवण्यापूर्वी चालकाला डिजिटल स्काय या, ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर ती जागा कोणत्या रंगाच्या क्षेत्रात येते हे दाखवायला सांगावे. होटगी रोड आणि विजापूर रोडवरच्या मंगल कार्यालयांत तर हे विचारायलाच हवे.

अंतिम अहवाल येतो तेव्हा टीव्हीवर दुसरेच काही चाललेले असते. तो संकेतस्थळावर इंग्रजीत, शेदीडशे पानांचा असतो, आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतला तर कोणीही दमतो. शेवटच्या शिफारशी आधी वाचाव्यात, मग संभाव्य कारण आणि त्यानंतर गरज वाटली तर घटनाक्रम. कॉलनीत अभियांत्रिकीला शिकणारा एखादा मुलगा असेल, तर त्याला त्या शिफारशींचा दोन पानी मराठी गोषवारा करायला सांगावा आणि ज्या ग्रुपवर पहिल्या दिवशीचे व्हिडिओ फिरले होते त्याच ग्रुपवर तो टाकावा.